हॅम रेडिओ सुरू करायचाय? सेट सगळ्यात शेवटी घ्या

घोडबंदर रोडला, कोलशेतच्या बाजूच्या सत्तावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगी नववीत आहे, दोघींनाही हॅम रेडिओ, म्हणजे सरकारी परवाना काढून वायरलेस सेटवर इतर हौशींशी बोलण्याचा छंद, सुरू करायचा आहे. ऑनलाइन दिसणारा स्वस्तातला वॉकी-टॉकी घ्यावा का, परीक्षा कितपत अवघड असते, आणि सोसायटी गच्चीवर अँटेना लावू देईल का?

ताई, वॉकी-टॉकीचं आधी सांगतो. आत्ता घेऊ नका. परवाना नसताना प्रक्षेपण करू शकणारा संच नुसता जवळ बाळगणंसुद्धा आपल्याकडे कायद्याविरुद्ध आहे. त्यावर तुम्ही बोललात की नाही हा पुढचा मुद्दा. १९३३च्या कायद्यात हेच होतं आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यातही हेच आहे. ऑनलाइन दुकानांत असे सेट सर्रास दिसायचे, म्हणून २०२५ साली सरकारने त्यांच्या विक्रीवर नियमावलीही काढली. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे छोटे सेट परवान्याशिवाय चालतात, पण ते कार्यक्रमाच्या व्यवस्थेला नाहीतर ट्रेकला वापरायचे. हॅम रेडिओ त्यात कुठेच येत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हातातला सेट घेऊन सुरुवात करणारी बरीच मुलं दोन महिन्यांत कंटाळतात. गॅलरीत उभं राहून बटण दाबायचं, कोणी बोललं तर बोललं, नाहीतर नुसती खरखर. त्यांना वाटतं, हा छंद एवढाच. माझा क्रम याच्या उलटा आहे: आधी कान, मग परवाना, मग अँटेना, आणि सेट अगदी शेवटी. इतक्या वर्षांत जे टिकले ते याच क्रमाने आलेले मी पाहिले आहेत.

कान तयार करायला एक रुपयाही लागत नाही. जगभरच्या हौशी लोकांनी आपापले रिसीव्हर इंटरनेटला जोडून ठेवले आहेत आणि ते फोनच्या ब्राउझरमधून आपल्याला हवे तसे फिरवता येतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातला वेबएसडीआर त्यातला प्रसिद्ध. शिवाय किवीएसडीआर नावाच्या रिसीव्हरांचा जगाचा नकाशा मिळतो, त्यावर भारतातला किंवा जवळपासचा एखादा निवडा. सकाळी सात ते नऊच्या सुमारास ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा लावा, मोड एलएसबी ठेवा (लोअर साइडबँड, या बँडवर बोलण्यासाठी वापरतात ती पद्धत). हा आपला ४० मीटरचा बँड. पडद्यावर धबधब्यासारखं चित्र खाली सरकत असतं आणि त्यात जिथे उजळ पट्टे दिसतील तिथे कोणीतरी बोलत असतं. पट्ट्यावर गेल्या गेल्या आवाज विचित्र, चिरका किंवा घोगरा येईल. घाबरू नका, दहा-वीस हर्ट्झच्या पावलांनी पुढे-मागे करत राहा. एका क्षणी माणसाचा आवाज स्वच्छ उभा राहतो. हे सरकवणं हाताला बसेपर्यंत आठवडाभर जातो. परीक्षेच्या पुस्तकातलं सिंगल साइडबँडचं प्रकरण त्यानंतर वाचलं की ते आपोआप कळतं.

एक वही करा. वेळ, फ्रीक्वेन्सी, ऐकलेलं कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं स्टेशनचं ओळखनाव) आणि आवाज कसा आला, इतकं लिहायचं. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा: आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. भारतातली कॉलसाइन व्हीयूने सुरू होतात. व्हीयू२ म्हणजे परवान्याची वरची जनरल ग्रेड, व्हीयू३ म्हणजे सुरुवातीची रिस्ट्रिक्टेड. व्हीयू४ ऐकू आलं तर अंदमान-निकोबार, व्हीयू७ आलं तर लक्षद्वीप, आणि ही दोन्ही ऐकू आली तर वहीत ठळक लिहून ठेवा, कारण जगभरचे लोक त्यांच्यासाठी टपून बसलेले असतात. सकाळी आपल्या देशातले स्टेशन ऐकू येतात तोच बँड रात्री लावून बघा. सगळं बदललेलं असतं. सूर्य मावळला की आयनावरणाचा खालचा, लहरी शोषून घेणारा थर विरतो आणि वरच्या थरावरून परावर्तित होऊन लांबचे देश येऊ लागतात. त्याच वेळी शेजारच्या राज्यातलं सकाळचं खणखणीत स्टेशन गायब झालेलं असतं, कारण त्याची लहर आता आपल्या डोक्यावरून पुढे निघून जाते. मुलीला हे पुस्तकातून शिकवू नका. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तिच्याच वहीतल्या नोंदी तिला समोरासमोर ठेवायला सांगा.

आता परीक्षा. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन) ही शाखा ती घेते. प्रमाणपत्राला अ‍ॅमेच्योर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट म्हणतात. वयाची बारा वर्षं पूर्ण असली की बसता येतं, म्हणजे नववीतली मुलगी तुमच्याच सोबत बसू शकते. बसा दोघी. घरात अभ्यासाला सोबत असली की तो पुढे सरकतो. अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवरून करायचा. आपल्या भागासाठी बोरिवलीला गोराई रोडवर आंतरराष्ट्रीय मॉनिटरिंग स्टेशन आहे. परीक्षेची तारीख आणि केंद्र मात्र अर्जानंतर येणाऱ्या सूचनेतच बघा. नव्या कायद्याखाली नियम बदलू शकतात, म्हणून फी आणि कागदपत्रांची यादीसुद्धा पोर्टलवर त्या दिवशी दिसेल तीच खरी धरा.

रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. लेखी परीक्षेचे दोन भाग असतात, रेडिओची तांत्रिक माहिती आणि नियम, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. दहावीपर्यंतचं विज्ञान नीट झालेलं असेल तर तांत्रिक भागाचा पाया झालेला असतो: ओहमचा नियम, कॉइल. बाकी कपॅसिटर, रेझोनन्स, मॉड्युलेशन, सुपरहेटरोडाइन रिसीव्हरची आकृती, अँटेना आणि लहरींचा प्रवास. इंजिनिअर मंडळी गडगडतात ती नियमांच्या भागात, कारण ते तो वाचतच नाहीत. क्यू कोड पाठ हवेत: क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, क्यूआरएन म्हणजे निसर्गाची खरखर, क्यूएसबी म्हणजे आवाज वरखाली होणं, क्यूएसवाय म्हणजे फ्रीक्वेन्सी बदलणं. काय करायचं नाही हेही पक्कं हवं. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, गुप्त भाषेत बोलायचं नाही, कॉलसाइन न सांगता प्रक्षेपण करायचं नाही. यातली प्रत्येक गोष्ट पुढे रोज पाळायची असते, म्हणून ती घोकून पाठ करण्यापेक्षा बँडवर ऐकताना कोण कशी पाळतो ते बघा.

पास झाल्यावर परवान्याचा अर्ज वेगळा. त्यात सुरक्षेची पडताळणी असते, काही महिने जाऊ शकतात. परवाना पत्त्याशी बांधलेला असतो, त्यामुळे भाड्याच्या घरात असाल आणि वर्षभरात कासारवडवलीला किंवा ऐरोलीला जायचं ठरत असेल, तर नव्या पत्त्यावरूनच अर्ज करा. नंतरचा बदल करता येतो, पण पुन्हा कागद, पुन्हा वाट बघणं. हे महिने वाया जात नाहीत. अँटेनाचं सगळं काम याच काळात करायचं असतं.

आणि खरं काम अँटेनाचंच आहे. दहा हजारांचा सेट आणि चांगली अँटेना असेल, तर दोन लाखांचा सेट आणि वाईट अँटेना लावणाऱ्याच्या पुढे तुम्ही सहज जाल. आपल्या भागात हा प्रश्न तंत्राइतकाच सोसायटीचाही असतो.

आधी तुमची जागा काय देते ते बघू. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे व्हीएचएफ पट्ट्यातल्या, लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अठरावा मजला म्हणजे जमिनीपासून पंचावन्न मीटरच्या घरात. इतक्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज सुमारे तीस किलोमीटरवर असतं, आणि समोरचाही उंचावर असेल तर त्याहून पुढे. पण कागदावरच्या या वर्तुळात आपले डोंगर बसलेले आहेत. तुमची गॅलरी पूर्वेला, खाडीकडे उघडत असेल तर भिवंडी-कल्याणकडचा पट्टा मोकळा आहे. पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत. पलीकडची बोरिवली नकाशावर इतकी जवळ असूनही कठीण जाते. दक्षिणेला ठाणे खाडीच्या पाण्यावरून ऐरोली, वाशीपर्यंत रस्ता बरा, पण पारसिकच्या डोंगराने पलीकडचं तळोजा-पनवेल झाकलेलं. आम्हा नेरूळ-बेलापूरवाल्यांचं उलट आहे, आम्हाला बंदराच्या पाण्यावरून दक्षिण मुंबई सोपी आणि डोंगरामागचं मुंब्रा-शीळ अवघड. म्हणून व्हीएचएफची अँटेना विकत घेण्याआधी गच्चीवर उभं राहून चारी बाजूंना कुठे डोंगर, कुठे पाणी आणि कुठे नवा टॉवर आहे याचं साधं चित्र काढा.

केबलचा हिशोब कोणी सांगत नाही, तो मी सांगतो. गच्चीपासून तुमच्या घरापर्यंत तीस मीटर केबल तरी लागेल. बाजारातली बारीक आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झला तीस मीटरमध्ये सुमारे सहा डीबी (डेसिबल) खाते, म्हणजे दहा वॅट सोडले तर अँटेनापर्यंत अडीचच पोचतात. जाड आरजी-२१३ घेतली तर दहातले पाच-साडेपाच पोचतील. हीच बारीक केबल ७ मेगाहर्ट्झला मात्र इतकी खात नाही, जेमतेम दीड डीबी, तिथे ती चालून जाते. म्हणून माझा सल्ला असा: व्हीएचएफसाठी गच्चीच्या मागे लागू नका, गॅलरीच्या कठड्याबाहेर जेमतेम अर्ध्या मीटरचा उभा चतुर्थांश तरंगलांबीचा दांडा आणि तीन-चार मीटर केबल पुरे. गच्चीची परवानगी मागायची ती एचएफसाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झसारख्या लांब पल्ल्याच्या बँडसाठी.

गच्चीवर पहिली अँटेना डायपोल. दुसरं काही नको. लांबी मीटरमध्ये हवी असेल तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागा: ७.१ साठी सुमारे वीस मीटर, म्हणजे मधोमध केबल आणि दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार. मधला बिंदू पाण्याच्या टाकीच्या वरच्या कठड्याला, दोन्ही टोकं उतरती खाली, म्हणजे झाला इन्व्हर्टेड व्ही. तार आधी थोडी जास्तच ठेवा आणि अँटेना कुठल्या फ्रीक्वेन्सीला जुळते ते मोजत मोजत आखडत आणा. मोजायला नॅनोव्हीएनए नावाचं खिशातलं यंत्र मिळतं. काही हजारांचं आहे आणि सेटच्या आधी घेण्यासारखं. तार, इन्सुलेटर, कनेक्टर, फेराइट कोअर हे सगळं ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं. मुलीला घेऊन जा. पीएल-२५९ कनेक्टर नीट सोल्डर करणं तिने स्वतः शिकावं. पाठवलेली शक्ती कुठे हरवते याचं निम्मं उत्तर त्या एका सांध्यात असतं.

सोसायटीच्या कमिटीसमोर जाल तेव्हा लहरींचं शास्त्र सांगत बसू नका. ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीला गच्चीबद्दल खरी भीती एकच असते, गळतीची. वॉटरप्रूफिंगला लाखो रुपये घातलेले असतात आणि वरच्या मजल्यावरचे लोक दर पावसाळ्यात छताकडे बघत बसलेले असतात. म्हणून अर्जाचं पहिलंच वाक्य असं लिहा की स्लॅबला एकही भोक पाडणार नाही. खांब टाकीच्या कठड्याला क्लॅम्पने धरला जाईल, दोऱ्यांची टोकं वजनांना बांधली जातील. दुसरी भीती मोबाइल टॉवरची. ही तार चोवीस तास प्रक्षेपण करत नाही, आपण बोलू तेवढा वेळच करते, भाड्याने दिलेली नाही आणि सरकारी परवान्याखालीच वापरली जाईल, एवढं सांगून परवान्याची, तो यायचा असेल तर प्रमाणपत्राची, प्रत जोडा. सोबत हाताने काढलेला नकाशा, केबल कुठल्या डक्टमधून येणार ते, आणि कमिटीने सांगितल्यास पंधरा दिवसांत काढून घेईन असं लेखी द्या. तारेची टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत अशी उंच ठेवा. प्रक्षेपणाच्या वेळी टोकाला व्होल्टेज जास्त असतं, चटका बसतो. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या आजींचाही विचार अर्जात दिसला पाहिजे. आणि इमारतीच्या तडितरोधकाच्या पट्टीला आपलं काहीही बांधू नका.

पावसाळा हा अँटेनाचा खरा परीक्षक. जूनच्या आधी प्रत्येक बाहेरच्या सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, वरून साधी काळी टेप. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथे ठिबकेल, आत येणार नाही. वाशी, नेरूळ, सीवूड्सकडे खाडीचा खारा वारा लोखंडी नटबोल्ट एका मोसमात खातो, तिथे स्टेनलेस स्टीलच हवं. ढग गडगडायला लागायच्या आधी केबल सेटपासून सोडवून बाहेर ठेवायची, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

एवढं करून पहिल्यांदा ७ मेगाहर्ट्झ लावाल आणि नुसती घरघर ऐकाल. शंभर घरांच्या इमारतीत एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, फोनचे चार्जर, लिफ्टचे ड्राइव्ह, सोलरचे इन्व्हर्टर, सगळे मिळून हा आवाज करतात. तो मोजण्याची साधी रीत: रिसीव्हर बॅटरीवर चालवा आणि आपल्या घराचा मेन स्विच बंद करा. घरघर उतरली तर गुन्हेगार घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत त्याला पकडा. बहुतेक वेळा तो एखादा स्वस्त चार्जर निघतो. उतरली नाही तर आवाज बाहेरचा आहे, आणि तिथे अँटेना इमारतीपासून जितकी दूर आणि उंच तितकं बरं. केबलवर सेटजवळ फेराइटचे रिंग घातले की बराच फरक पडतो. ऐकण्यापुरती वेगळी छोटी लूप अँटेना फिरवून आवाजाची दिशा टाळता येते, पण ते पुढच्या वर्षी.

सेटबद्दल थोडकंच. नवा, परदेशी बनावटीचा शंभर वॅटचा एचएफ सेट लाखाच्या आसपास किंवा वर जातो. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही. एखाद्या जुन्या हॅमचा (हा छंद असणाऱ्याचा) वापरलेला सेट, बिलासकट आणि परवान्याच्या अटीत बसणारा, चांगला. स्वतः बांधायची हिंमत असेल तर हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेला बिटएक्स आहे. सहज मिळणाऱ्या भागांतून तो जगभर लोकांनी बांधला. मुलीला इलेक्ट्रॉनिक्सची ओढ असेल तर दुकानातल्या चकचकीत सेटपेक्षा तो तिला कितीतरी जास्त शिकवेल.

मुंबई अ‍ॅमेच्योर रेडिओ सोसायटीसारख्या संस्थेशी आणि जवळच्या हॅमशी ओळख मात्र परीक्षेच्या आधीच करा. पहिल्यांदा माइक हातात आला की बहुतेकांची वाचा बसते. कोणाच्या तरी शेजारी बसून नेट, म्हणजे ठरलेल्या वेळी भरणारी अनेक हॅमची रेडिओवरची बैठक, ऐकलेलं असेल, नेट कंट्रोल एकेकाला कसा बोलावतो, दोन वाक्यांमध्ये थांबून तिसऱ्याला जागा कशी देतात हे पाहिलेलं असेल, तर ती भीती जाते. हॅम लोक आपलं ठिकाण अक्षांश-रेखांशांवर आखलेल्या चौकोनाच्या नावाने सांगतात; तुमचा आंतरराष्ट्रीय चौकोन एमके६९ आहे, हे आत्ताच लिहून ठेवा. १९ अंश अक्षांशाची रेषा बेलापूर आणि पनवेलच्या मधून जाते, म्हणून पनवेलचा चौकोन एमके६८.

‘आपत्तीत उपयोगी पडेल’ म्हणून हा छंद घ्यावा का, असं पुष्कळ जण विचारतात. २६ जुलै २००५ ला ठाण्या-मुंबईत फोन लागत नव्हते, ते आपल्या पिढीला विसरता येणार नाही. पण मला जास्त बोलकं वाटतं ते डिसेंबर २००४ मधलं पोर्ट ब्लेअर. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम त्या वेळी अंदमानात होते ते निव्वळ छंदासाठी, जगाला व्हीयू४ मिळवून द्यायला. अँटेना उभ्या होत्या, सेट चालू होते, रोज हजारो लोकांशी बोलून कान आणि हात तयार होते. २६ तारखेला त्सुनामी आली तेव्हा त्याच तयार स्टेशनवरून निरोप जाऊ लागले. साध्या सकाळी जो नेटवर येत नाही, त्याचा कपाटातला सेट त्या दिवशी कोणाच्याही कामाचा नसतो. बारा व्होल्टची एक चांगली बॅटरी ठेवा आणि आठवड्यातून एकदा सगळं स्टेशन तिच्यावरच चालवा.

मुलीसाठी शेवटचं. परवान्याची वाट बघताना तिला आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर, घेऊन द्या. ते फक्त ऐकतं, प्रक्षेपण करत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ठाण्यावरून जातं तेव्हा साधारण दहा मिनिटं ऐकू येऊ शकतं, १४५.८०० मेगाहर्ट्झवर अधूनमधून तिथून चित्रं पाठवतात, स्पीकरजवळ फोन धरून रोबोट३६ या अ‍ॅपमध्ये ती उमटवता येतात. ४३७.८०० वर स्थानकाचा रिपीटर (आलेला आवाज पुन्हा प्रक्षेपित करणारा संच) असतो, त्यावर जमिनीवरचे हॅम एकमेकांशी बोलतात. तिथे स्थानक जवळ येताना फ्रीक्वेन्सी सुमारे दहा किलोहर्ट्झ वर आणि दूर जाताना तितकीच खाली दिसते. २०२५ साली शुभांशु शुक्ला याच स्थानकावरून हॅम रेडिओवर आपल्या विद्यार्थ्यांशी बोलले होते. मोर्स तिला आत्ताच सुरू करू द्या, रोज पंधरा मिनिटं, ठिपके-रेषा कागदावर न बघता फक्त आवाजावरून. जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्दांची गती लागते, पण अक्षरं पहिल्यापासून पंधराच्या वेगाने ऐकायची आणि दोन अक्षरांमधली जागा मोठी ठेवायची. संथ शिकलेला कान नंतर मोजत बसतो आणि पुढे सरकत नाही.